इनामदारांची उघड्या टपाची गाडी

रशीद इनामदार यांनी मागच्या वर्षी दिवाळीनंतर एक वापरलेली जर्मन गाडी विकत घेतली. दोन दारं, दोन आसनं, रंग गडद निळा. बटण दाबलं की तिचा कापडी टप घडी होऊन मागे डिकीत जात असे. पुण्यातल्या एका दलालाकडून घेतलेली ही गाडी इनामदारांनी स्वतः चालवत नगरला आणली. तेव्हा त्यांचं वय बासष्ट होतं. गाडी घेण्याचं कारण एकच होतं. त्यांच्या पत्नी मुमताज यांना शेवगावला आईकडे जायचं होतं. मुमताजभाभी बंद गाडीत बसू शकत नव्हत्या आणि शेवगावची आई अंथरुणातून उठू शकत नव्हती.

याची बातमी झाली नाही. चर्चा मात्र महिनाभर चालली, कारण गाडी घेणारा माणूस इनामदार होता.

इनामदार विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या वाहनांचे सर्व्हे करत. अपघाताच्या जागी आधी पोलीस पोहोचतात, मग वार्ताहर. गर्दी पांगली की इनामदार येत. मी वार्ताहर, त्यामुळे आमची ओळख अशीच रस्त्याच्या कडेला झाली. हात पाठीमागे बांधून ते वाहनाभोवती एक फेरी मारत. त्या फेरीत कुणाशी बोलत नसत. मग उकिडवे बसून खालून बघत, आणि शेवटी दार उघडून आत डोकं घालून वास घेत. पायात जाड तळाचे बूट असत. रस्त्यावर काचा पडलेल्या असतात म्हणून ते बूट घेतले होते, पण लग्नाच्या जेवणालाही तेच घालून येत. कुणी विचारलं तर म्हणत, "तिथंही ग्लास फुटतात."

राहुरीच्या एका खतविक्रेत्याचा क्लेम त्यांच्याकडे आला होता. रानडुक्कर आडवं आलं, असं त्याने लिहून दिलं होतं.

"कुठून आलं?" इनामदारांनी विचारलं.

"समोरून, साहेब. एकदम समोरून."

"आणि गाडी चेपलीय मागून. म्हणजे तुम्ही राहुरीला रिव्हर्समध्ये चालला होतात."

दुकानदार म्हणाला, "साहेब, काय बी ल्याहा, पर चारचौघांत बोलू नका. मिसेसनं ठोकलीय. कंपाउंडलाच."

"लायसन्स आहे त्यांचं?"

"हाय की."

"मग डुकराला कशाला बदनाम करता?"

तो क्लेम मंजूर झाला. दुकानदार पुढे बरीच वर्षं हा किस्सा स्वतःच सांगत असे.

रविवारी सकाळी नागापूरजवळच्या कॉलनीत इनामदारांच्या दारासमोर लोक जुन्या गाड्या घेऊन येत. घ्यावी की नको, एवढंच विचारायचं असे. इनामदार त्याचे पैसे घेत नसत, चहाही स्वतःच्याच घरचा देत. त्यांच्या तपासणीत इंजिन फार उशिरा येई. आधी ते सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढत. पुराच्या पाण्यातून निघालेली गाडी किती का धुतलेली असेना, पट्ट्याच्या शेवटच्या वितीवर गाळाची रेघ राहते. एका डॉक्टरांना त्यांनी ती रेघ दाखवली आणि म्हणाले, "गाडी चांगली आहे. पोहताही येतं तिला." मग नेहमीचे दोन शब्द उच्चारले, "घेऊ नका."

हे दोन शब्द ते इतक्या वेळा बोलत की कॉलनीतली पोरं त्यांना मागून त्याच नावाने हाक मारत. गावातल्या जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने एकदा त्यांना भर बाजारात गाठलं.

"साहेब, एखादीला तरी हो म्हणा. देवानं बनवलेला मानूस बी तुमी पास करायचे न्हाई."

"माणसाचा सर्व्हे माझ्याकडे नसतो," इनामदार म्हणाले आणि कोथिंबिरीची जुडी निवडत राहिले.

त्यांच्या स्वतःकडे गाडी नव्हती. कामाला ते स्कूटरवर जात. पूर्वी एक होती. शेवगावहून परतताना ती उलटून कालव्याच्या चारीत पडली, तेव्हा गाडी इनामदारच चालवत होते. लोकांनी त्यांना लगेच बाहेर ओढलं. भाभींच्या बाजूचं दार चिखलात रुतलं होतं. जवळच्या वस्तीवरून ट्रॅक्टर आणि साखळी येईपर्यंत त्या आतच होत्या. त्यांना मोठी इजा झाली नाही. मात्र त्या दिवसानंतर वर टप आणि बाजूला काच असलेल्या वाहनात त्या बसू शकल्या नाहीत. एसटीतही नाही. पुण्याच्या एका डॉक्टरांकडे उपचार ठरले होते, पण तिथे जायचं कसं, या प्रश्नावर ते थांबले.

या अपघाताबद्दल इनामदार माझ्यादेखत एकदाच बोलले. कुठल्यातरी सर्व्हेचा तपशील सांगावा तसं म्हणाले, "चालकाची चूक. वेग जास्त होता."

त्यानंतर भाभी शेवगावला स्कूटरवर मागे बसून जात. सणाला, लग्नाला, आई आजारी पडली की. पुढे त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्कूटर बंद केली. गावातल्या गावात सावकाश जाणारी, बाजूंनी उघडी रिक्षा त्यांना चालत होती. शेवगावच्या रस्त्यावर रिक्षा म्हणजे ऑपरेशन वाया घालवणं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून मायलेकी फोनवर बोलत. आईला ऐकू कमी येई. कॉलनीत भाभींचा आवाज त्या फोनच्या वेळी तेवढा मोठा ऐकू येत असे.

उघडी गाडी हा विचार इनामदारांनी प्रथम पोपट लांडे यांच्याकडे काढला. लांडे यांचं नागापूरला गॅरेज आहे. इनामदार आणि ते तीस वर्षं एकमेकांशी वाद घालत आले होते.

"जीप घ्या," लांडे म्हणाले. "टप काडून टाकू. लई सोपं काम."

"पाट्यांच्या स्प्रिंगांवरची जीप, नुसते धक्के. तिच्यापेक्षा रिक्षा बरी. आणि चढायला शिडी कोण लावणार?"

"मग ही घेनार? परदेशी? पार्ट कुठं गावनार तिचा? शेवगावच्या बाजारात?"

तो सगळा पावसाळा दोघांनी या गाडीच्या खोडी काढण्यात घालवला. खोडी बहुतेक इनामदारच सांगत. वायरिंग नाजूक. तेल गळण्याची सवय. पोट जमिनीला लागेल इतकी बुटकी, आणि आपल्याकडे प्रत्येक वस्तीपुढे गतिरोधक. स्टेपनी नाहीच. टपाचा पंप गेला तर महिनोन्‌महिने वाट बघा. सगळं सांगून झालं की म्हणत, "पण सीट मऊ आहे. आणि वर काही नाही."

लांडे म्हणाले, "साहेब, भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो म्हनत्यात. ही तर म्हैस बी न्हाई. सर्कशीतली घोडी हाय."

"घोडी चालेल," इनामदार म्हणाले. "एका रस्त्यापुरती हवीय."

पुण्याला दोघं एसटीने गेले. पुढचा भाग लांडे यांच्याकडून कळला, इनामदारांनी नंतर त्याला दुजोरा दिला. दलालाने सांगितलं, गाडी एकाच मालकाची आहे आणि मालक ती फक्त रविवारी काढत. इनामदारांनी वाकून ब्रेकचं पेडल पाहिलं. रबर गुळगुळीत झालं होतं.

"मग सोमवार ते शनिवार कोण चालवत होतं?"

दलाल हसला आणि त्याने चहा मागवला. इनामदारांनी सीटबेल्ट ओढला, चटई उचलली, वास घेतला. पाण्याची खूण नव्हती. मग टप उघडायला आणि मिटायला सुरुवात केली. दलालाचा चहा संपला तरी ते थांबले नाहीत. उघडताना टप सरळ जात होता. मिटताना मध्येच क्षणभर रेंगाळत होता. लांडे यांनी कानाशी बोट नेऊन खूण केली. मोटर कण्हत होती.

"ऐकलं," इनामदार म्हणाले. "उघडतोय ना? मिटायचं मला काम नाही."

नंतर ते गाडीपासून लांब जाऊन उभे राहिले आणि बऱ्याच वेळाने हळू आवाजात म्हणाले, "घेऊ नका."

"कुनाला म्हनताय?" लांडे यांनी विचारलं.

"मला."

मग परत येऊन त्यांनी दलालाकडे कागदपत्रं मागितली.

गाडी कॉलनीत आली तेव्हा टप उघडा होता. फाटकाशी गर्दी जमली. नगरकडे उघडी गाडी दोनच वेळा दिसते, वरातीत आणि निवडणुकीच्या मिरवणुकीत. त्यामुळे लोकांनी विचारलेला पहिला प्रश्न भाड्याचा होता. शेजारच्या गल्लीतल्या एकाने पुतण्याच्या लग्नाची तारीख सांगून टाकली. एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता तर दुसऱ्याच दिवशी आला.

"साहेब, फक्त दोन तास. भाऊंना उभं राहून हात करायचाय. सीटला धक्का लागणार नाही."

"भाऊ पडले तर?"

"पडत नाहीत, साहेब."

"मागच्या वेळी पडले होते," इनामदार म्हणाले. मागच्या निवडणुकीत भाऊ खरोखरच पडले होते. कार्यकर्ता पुन्हा आला नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी मी तिथे होतो. इनामदारांनी भाभींना बाहेर बोलावलं. त्यांच्या घरात दखनी बोलतात. भाभी उंबऱ्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, "क्या लाए जी ये?" मग अंगणात बाहेरची माणसं आहेत हे पाहून मराठीत बोलल्या.

"ही वरातीची गाडी आहे."

"तुझ्यासाठी आणलीय. वर बघ, मोकळं आहे."

"मोकळं आहे म्हणूनच म्हणते. नागापूरपासून शेवगावपर्यंत सगळा जिल्हा मला बघत बसेल. मिरवायचं वय आहे का माझं? निकाहच्या दिवशी बैलगाडीतनं आले, तिलासुद्धा पडदा होता."

"सीट मऊ आहे," इनामदार म्हणाले.

"सीटला विचारलं, मोटरला विचारलं, पोपटभाऊंना विचारलं. मला कधी विचारणार होतात? पोहोचल्यावर?"

लांडे यांनी पान्यांची पेटी उचलली आणि काम आठवल्यासारखं करून ते निघून गेले. इनामदारांच्या हातात किल्ली तशीच होती.

त्या रात्री टप मिटवला गेला. मध्येच रेंगाळला, पण बसला. गाडीवर ट्रकची ताडपत्री आली. पुढचे पाच-सहा महिने इनामदार दर आठवड्याला इंजिन चालू करत, टायरची हवा बघत, बॅटरी जपत. टप मात्र उघडत नसत. टप उघडला की पोरं जमत आणि भाभी खिडकीचा पडदा ओढून घेत. उभ्या गाडीचा प्रत्येक भाग हलता ठेवा, हे त्यांनी शेकडो लोकांना सांगितलं असेल.

दरम्यान शेवगावचे फोन वाढले. आईने जेवण सोडल्यासारखं झालं होतं. इनामदारांनी दोनदा पहाटे जाण्याचं सुचवलं. भाभी म्हणाल्या, "पहाटे तर सगळे शेतावर निघालेले असतात." ताडपत्री तशीच राहिली.

एप्रिलमधल्या एका सकाळी भाभींचे धाकटे भाऊ जावेद यांचा फोन आला. अम्मी पहाटेपासून आपाचं, म्हणजे भाभींचं, नाव घेतेय, डॉक्टरांनी आजच बोलवा म्हणून सांगितलंय, एवढं ते बोलले. भाभींनी बुरखा घातला, पिशवीत औषधं टाकली आणि त्या बाहेर आल्या.

"ताडपत्री काढा," त्या म्हणाल्या. "टप उघडा."

इंजिन लगेच सुरू झालं. इनामदारांनी बटण दाबलं. मोटरचा घुमण्याचा आवाज आला, टप काचेपासून हातभर उचलला गेला, तिथेच थरथरला आणि परत खाली बसला. दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर आवाजही आला नाही. लांडे गॅरेजमधून आले. त्यांनी मागून हात घालून पाहिलं.

"पंप गेला. हातानं उगडायची सोय असती, पर सांगाडा गच्च धरलाय. मागचा पत्रा खोलावा लागंल."

"किती वेळ?"

"सांज हुईल, साहेब."

शेजाऱ्यांनी आपापले उपाय सांगितले. एक जण ॲम्ब्युलन्स म्हणाला, पण तीही सगळीकडून बंदच असते. दुसरा रिक्षा आणायला धावला, त्याला इनामदारांनी थांबवलं. एवढ्यात भाभींनी स्वतःच गाडीचं दार उघडलं आणि मिटलेल्या टपाखाली जाऊन बसल्या. एक पाय बाहेर जमिनीवर होता. इनामदार दाराजवळ उभे होते, त्यांनी दाराला हात लावला नाही. भाभींनी पाय आत घेतला. कापड त्यांच्या डोक्यापासून वीतभर वर होतं. काही क्षणांत त्या बाहेर आल्या. चेहऱ्यावर घाम होता आणि श्वास लागला होता. ओट्याला हात टेकून त्या म्हणाल्या, "नाही जमत. अम्मी तिकडे नाव घेतेय आणि मला नाही जमत."

इनामदारांनी गाडीभोवती एक फेरी मारली. या वेळी हात पाठीमागे नव्हते. मग त्यांनी लांडे यांच्या पेटीतला कटर घेतला, पुढच्या काचेच्या चौकटीजवळ कापडात खुपसला आणि ओढायला सुरुवात केली. लांडे यांनी हे पुढे अनेकांना सांगितलं आणि प्रत्येक वेळी याच शब्दांत सांगितलं.

"मी म्हन्लं आतली वायर कापत्यात जनू. तर सगळा टपच! म्हन्लं, साहेब, आहो काय करताय, परदेशातला कपडा हाय! आपल्या हातानं फाडलं तर क्लेम बसनार न्हाई ह्येचा!"

"माहीत आहे," इनामदार म्हणाले. "तू मागची बाजू धर."

कापड जाड होतं, आत अस्तर होतं. दोघांनी मिळून ते सोललं. मागची काच लांडे यांनी अलगद उतरवून ओट्यावर ठेवली. वर सांगाड्याच्या लोखंडी आडव्या पट्ट्या तेवढ्या राहिल्या, त्यांच्यामधून आभाळ दिसत होतं. पट्ट्या काढता येणार नाहीत, असं लांडे म्हणाले. भाभी ओट्यावरून उठल्या आणि पट्ट्यांकडे बघत उभ्या राहिल्या. मग आत बसल्या आणि दोन पट्ट्यांमधून उजवा हात कोपरापर्यंत वर काढला.

"दार लावा," त्या म्हणाल्या.

इनामदारांनी दार लावलं. फाटकाशी पुन्हा गर्दी होती. मागून कुणीतरी बोललं, "इनामदारांची वरात निघाली."

"निघाली तर निघाली," भाभी म्हणाल्या. "बाजूला व्हा."

हे सगळं घडत होतं तेव्हा मी शेवगावात होतो. तिथलं काम आटोपून मोटारसायकलवर नगरला परतत होतो. सकाळी कॉलनीत काय झालं याची मला कल्पना नव्हती. मिरी गावाच्या अलीकडे एका गतिरोधकापाशी समोरून निळी गाडी आली. इनामदार ती गतिरोधकावरून तिरपी काढत होते, एकेक चाक वेगळं. मागे दोन टेम्पो आणि एक ट्रॅक्टर अडकले होते आणि तिघेही हॉर्न वाजवत होते. इनामदारांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी हात केला, त्यांनी पाहिला नाही. टपाचं फाटलेलं अस्तर सुतळीने बांधलेलं होतं. भाभींनी नकाब मागे टाकला होता. त्यांचा एक हात पट्ट्यांमधून वर होता आणि बोटं उघडी होती. शेवटचं चाक उतरलं, गाडी सरळ झाली आणि सायकलवाल्याला गाठता येईल इतक्या वेगाने पुढे गेली.

इनामदारांना मी त्यानंतर पाहिलेलं नाही. ती दोघं शेवगावलाच राहिली, नगरला राहायला परत आली नाहीत. घर बंद आहे आणि मागची काच लांडे यांच्या गॅरेजमध्ये आहे. गाडीला नवा टप बसला की नाही, याबद्दल दोन माणसं दोन गोष्टी सांगतात. त्या दिवसाची खात्रीशीर माहिती जावेद यांनी फोनवर दिली, ती अशी. गाडी दुपारच्या जोहरच्या अजानआधी शेवगावला पोहोचली. गल्ली अरुंद असल्याने ती चौकातच उभी करावी लागली. भाभी तिथून घरापर्यंत चालत गेल्या. आई जागी होती.